केसी जोन्स हा इंजिन ड्रायव्हर कोण होता आणि त्याचं संग्रहालय कुठे आहे?

अमेरिकेत त्याच्या नावाने एकाहून जास्त संग्रहालयं झाली, त्यामुळे गोंधळ होतो. मिसिसिपीतल्या वॉटर व्हॅली या छोट्या गावात, जुन्या स्टेशनात एक आहे. दुसरं टेनेसीतल्या जॅक्सनला, त्याच्या राहत्या घरात. ते 1956 मध्ये सुरू झालं. एकच बघणार असाल तर जॅक्सनला जा. तिथलं 382 नंबरचं वाफेचं इंजिन मात्र केसी अपघाताच्या वेळी चालवत होता ते मूळ नव्हे, दुसऱ्या इंजिनाला तो नंबर दिलाय.

जॉन ल्यूथर जोन्स हे त्याचं खरं नाव. केंटकीतल्या केसी गावी लहानपण गेलं, म्हणून केसी. इलिनॉय सेंट्रल रेल्वेत तो वेळ पाळण्यासाठी नावाजलेला होता. 30 एप्रिल 1900 च्या पहाटे मेम्फिसहून उशिरा सुटलेली पॅसेंजर गाडी त्याने जवळजवळ वेळेवर आणली होती. पण व्हॉन स्टेशनात एका मालगाडीचे मागचे डबे मेन लाइनवरच अडकले होते. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमन सिम वेबला त्याने उडी मारायला लावली आणि स्वतः शेवटपर्यंत ब्रेक लावत राहिला. टक्कर झाली, मेला तो एकटाच.

कंपनीच्या चौकशीत ठपका केसीवरच आला, मालगाडीवाल्यांनी सावध करायला मागे पाठवलेल्या झेंडेवाल्याचा इशारा पाळला नाही म्हणून. मला तो निकाल पटत नाही. लोकांनाही पटला नसावा. इंजिनं पुसणाऱ्या वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णीय कामगाराने त्याच्यावर गाणं रचलं आणि केसी देशभर पोचला तो त्या गाण्यामुळे.