समुद्र सगळ्यांचा, तर फ्लोरिडात घरांसमोर नांगर टाकायला बंदी का?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलाने फ्लोरिडात जुनी शिडाची बोट घेतली, आणि तो सांगतो की तिथे किनाऱ्यावरचे घरमालक आणि बोटवाले यांच्यात नांगर टाकण्यावरून भांडणं चालतात, कायदेही झालेत. पाणी कुणाच्या बापाचं नाही, मग हा काय प्रकार?

मी फोर्ट लॉडरडेलजवळ राहतो. घर पाण्यापासून चांगलं सहा किलोमीटर आत आहे, तेव्हा ‘घरासमोरचा समुद्र’ माझ्या नशिबात नाही. पण चौतीस फुटी, चौथ्या हाताची एक शिडाची बोट आहे आणि हिवाळ्यातले बरेच शनिवार-रविवार तिच्यावर जातात. म्हणजे मी बोटवाल्यांच्या बाजूचा. उत्तर वाचताना तेवढं वजा करा.

पाणी सगळ्यांचं, हे तुमचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. फ्लोरिडाच्या राज्यघटनेत दहाव्या कलमाचं अकरावं पोटकलम आहे. नौका चालू शकेल अशा पाण्याखालची जमीन, भरतीच्या सरासरी रेषेपर्यंतचा किनारा धरून, राज्याने सर्व लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची, असं ते सांगतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरलं होतं. नदी सरकारची मालमत्ता नाही, सरकार फक्त राखणदार.

पण घरमालक अगदीच हवेत बोलत नाहीत. हेज विरुद्ध बोमन या १९५७ च्या खटल्यात फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की काठावरच्या जमीनमालकाला पाण्यापर्यंत जाण्याचा आणि पाण्याकडे मोकळं बघण्याचा हक्क आहे. पुढे ली काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) एका पुलाने एका कुटुंबाचा देखावा झाकला, तेव्हा त्या कुटुंबाला भरपाईही मिळाली. हे ऐकून बोटवाले चिडतात, पण ते खरं आहे. फरक एवढाच की पूल हलत नाही. बोट आज आहे, उद्या वारा आला की नाही. देखाव्याचा हक्क पुलाविरुद्ध चालतो म्हणून तो माझ्या डोलकाठीविरुद्धही चालावा, हे मला पटत नाही.

भांडणाला खरी धार आली ती मार्को आयलंडमुळे. तिथल्या नगरपालिकेने नियम केला की काठाच्या भिंतीपासून ३०० फुटांच्या आत बारा तासांहून जास्त नांगरायचं नाही. एका खलाश्याने मुद्दाम स्मोकहाउस बेमध्ये नांगर टाकला, पावती फाडून घेतली आणि कोर्टात गेला. २००७ मध्ये न्यायाधीशाने नगरपालिकेचा नियम रद्द केला. २००९ मध्ये राज्याने कायदाच स्पष्ट केला: आखून दिलेली मुरिंगची जागा (तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या बोयांना बोटी अडकवायची जागा) सोडली तर बाहेर कुणी कुठे नांगरायचं, हे गावांनी ठरवायचं नाही. मुख्य अपवाद असा, की जी बोट फक्त राहायचं घर आहे आणि कुठे जात नाही, तिला नियम लावता येतात. बोटवाल्यांनी तेव्हा पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

मग गावांचं जमलं नाही तेव्हा घरमालक सरळ राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीला गेले. तिथे पैसा चालतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. मायामी बीचच्या सनसेट लेकमध्ये तर त्याआधीच एक तमाशा झाला होता. तिथल्या एका घरमालकाने तळ्यात छोट्या शिडाच्या होड्यांचा ताफाच नांगरून ठेवला, म्हणजे बाहेरच्यांना जागाच राहू नये. नांगरायचा हक्क सगळ्यांना ना, मग मलाही आहे. हुशारी म्हणून मी त्याला दाद देतो. बैल बांधायला जागा नको म्हणून स्वतःच्याच शेळ्या आणून बांधायच्या, तसं.

२०१६ मध्ये विधानसभेने तीन ठिकाणी रात्रीचं नांगरणं बंद केलं: ब्रॉवर्ड काउंटीत मिडल रिव्हरचा एक भाग, मायामी-डेडमध्ये सनसेट लेक, आणि बिस्केन बेमध्ये व्हेनेशियन बेटांच्या मधल्या पट्ट्या. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत. मासे धरायला गळ टाकून जागे बसलात तर मात्र चालतं. म्हणजे कायद्याला माणूस रात्री पाण्यावर असण्याचं वावडं नाही, झोपण्याचं आहे. इंजिन बंद पडलं किंवा हवामान वाईट असेल तर सूट आहे. पुढच्या वर्षी मरिना (भाडं देऊन बोट लावायचे धक्के) आणि बोटी उतरवायच्या उताराजवळ १५० फूट, मोठ्या यॉट दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांजवळ ३०० फूट अशी अंतरं आली. त्यांना माझी हरकत नाही, तिथे बोटींची ये-जा असते.

अंतराचे आकडे कागदावर फार निरुपद्रवी दिसतात. ३०० फूट म्हणजे काय, चांगला क्रिकेटचा एक षटकार. पण नांगर कसा टाकतात ते पाहा. समजा पाणी आठ फूट खोल आहे. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून चार फूट वर. भरती दोन फूट चढणार. झाले चौदा फूट. याच्या पाचपट साखळी सोडायची, तर ७० फूट. वारा जोरात असेल तर सातपट, पण पाचच धरू. साखळी ताणली की बोट नांगरापासून साधारण सत्तर फुटांवर, त्यात बोटीची लांबी चौतीस. म्हणजे शंभर फुटांचा कंपास घेऊन मोठं वर्तुळ काढा. वारा आणि प्रवाह फिरतील तशी बोट त्या वर्तुळात कुठेही असू शकते, म्हणून ते सगळं वर्तुळ मोकळं हवं. एका बोटीला दोनशे फूट व्यास. आता सहाशे फूट रुंदीच्या खाडीत मार्को आयलंडसारखे दोन्ही काठांपासून ३०० फूट सोडा. उरलं काय? एक रेघ. ‘बंदी’ हा शब्द न वापरताही बंदी घालता येते, ती अशी.

शेजारच्या जॉर्जियाने तर २०२० च्या सुरुवातीला १००० फूट अंतर आणलं होतं. तिथल्या नद्या किती रुंद आहेत हे ज्याने पाहिलं आहे त्याला हसू येईल. आरडाओरडा झाल्यावर त्याच वर्षी ते मरिनापासून ३०० आणि इतर धक्क्यांपासून १५० वर आलं.

घरमालक विचारतात, एवढा हट्ट का, दुसरीकडे जा की. तर त्याचं कारण गल्फ स्ट्रीम. मायामीहून बहामातलं बिमिनी पन्नास-एक मैल, पण मधे हा उत्तरेकडे वाहणारा समुद्री ओघ आहे. उत्तरेचा वारा त्याच्या विरुद्ध सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. मग दक्षिणेच्या वाऱ्याची वाट बघत आत नांगरून बसायचं. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. हिवाळ्यात उत्तरेकडून शेकडो बोटी खाली येतात आणि सगळ्या याच तळ्यात-खाडीत थांबतात. फोर्ट लॉडरडेलला लेक सिल्व्हिया ही अशी जागा, चारही बाजूंनी बंगले. मरिनात राहायचं तर भाडं बोटीच्या लांबीवर, दर फुटाला, दर रात्रीला. माझ्यासारख्याला दोन आठवडे परवडत नाही.

लेक सिल्व्हियातच एकदा सकाळी सात-साडेसातला पोलिसांची बोट आली. बायको खाली पोहे परतत होती. अधिकारी सभ्य होता. नोंदणीचे कागद, लाइफ जॅकेट, संकटात पेटवायच्या लाल मशालींची मुदत, रात्री डोलकाठीच्या टोकावर पांढरा दिवा होता का, आणि सगळ्यात शेवटी मैला पाण्यात जाऊ नये म्हणून संडासाच्या व्हॉल्व्हला कुलूप आहे का. सगळं नीट होतं. मग म्हणाला, ‘काठावरून तक्रार आली, म्हणून आलो.’ तक्रार काय? तर दोन रात्री एकच बोट दिसते. कायद्याने काहीच चुकलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमची अशी तीनदा तपासणी झाली. हिने तिसऱ्या वेळी त्याला पोहे खाणार का विचारलं. नाही म्हणाला.

आता दुसरी बाजू, आणि ही सांगायला मला लाज वाटते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी, मायामीजवळच्या एका अरुंद खाडीत मी आळस करून साखळी कमी सोडली. रात्री तीनला वादळी पाऊस आला आणि नांगर घसरला. जाग आली तेव्हा मागची बाजू एका घराच्या धक्क्यापासून पाच-सहा फुटांवर, आणि धक्क्यावर पायजम्यातले एक सत्तरीचे गृहस्थ अंगणातला लांब झाडू घेऊन उभे. त्यांनी झाडूने बोट रेटून धरली, मी इंजिन सुरू करून पुढे गेलो. एक शिवी दिली नाही त्यांनी. सकाळी माफी मागायला डिंगीने, म्हणजे बोटीवरच्या छोट्या होडीने, गेलो तर म्हणाले, ‘तू निदान बोटीवर होतास. गेल्या वेळी कुणीच नव्हतं.’

ते म्हणाले तिथेच खरी मेख आहे. फ्लोरिडात सोडून दिलेल्या बोटींचा प्रश्न मोठा आहे. कुणीतरी दोनशे डॉलरला फायबरग्लासची जुनी बोट घेतो, नांगरतो, निघून जातो. मग ती गळते, कलते, एखाद्या चक्रीवादळात सुटून कुणाच्या भिंतीवर आदळते. २०१७ च्या इर्माने आणि २०२२ च्या इयनने अशा बोटींचा खच पाडला. ती काढायला हजारो डॉलर लागतात आणि ते सरकारी तिजोरीतून जातात. काही बोटींवर गरीब लोक राहतात, ज्यांना जमिनीवर भाडं परवडत नाही, आणि त्यांच्याकडे ना इंजिन चालू, ना मैला साठवायची टाकी. घरमालकाला आपल्या खिडकीतून माझी बोट आणि ती बोट सारखीच दिसते.

पण सोडलेली, बुडायला आलेली बोट ठेवणं आधीपासूनच गुन्हा आहे. पाणी शिरतंय, नांगर तुटून भरकटलीय, स्वतःच्या बळावर चालत नाही, अशी बोट ‘धोक्यात’ म्हणून नोंदवायचा कायदाही आहे. तो राबवायला पाण्यावर माणसं लागतात, बोटी लागतात, बुडालेल्या काढायला पैसा लागतो. दोन बेटांच्या मधे नवी रेघ मारायला काहीच लागत नाही. म्हणून रेघाच जास्त मारल्या जातात, असं माझं मत. सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन आणि बोटयूएस या बोटवाल्यांच्या संघटनाही वर्षानुवर्षं हेच सांगत आल्यात.

बोटवाल्यांचं चुकतं ते असं की आमच्यातल्या कुणी घाण केली तर आम्ही गप्प बसतो. मैल्याची टाकी रात्री खाडीत सोडणारे मी पाहिलेत. जनरेटर मध्यरात्रीपर्यंत घरघरत ठेवणारेही. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या कीज बेटांवर मॅरेथॉन नावाच्या गावाने बूट की हार्बरमध्ये दोनशेहून जास्त मुरिंग बोये टाकलेत, टाकी रिकामी करणारी बोट दारात येते. पैसे घेतात, पण भांडण जवळपास संपलं. असं आणखी ठिकाणी झालं तर मी आनंदाने पैसे देईन.

(गोव्याचे वाचक म्हणतील, आमच्याकडे उलटं आहे. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं वर्षानुवर्षं नांगरलेली आणि काठावरचे साधे लोक ती हटवा म्हणून ओरडतायत. तिथे मी काठावरच्यांच्या बाजूचा आहे. जे हलतच नाही, ते जहाज कसलं?)

२०२५ मध्ये दोन नवे कायदे झाले, तुमच्या मुलाला हे माहीत हवेत. एक, तीस दिवसांत चौदा किंवा जास्त दिवस एकाच परिसरात नांगरून राहायचं तर राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाचा परवाना लागतो. फुकट आहे, ऑनलाइन आहे. दोन, पंधरा लाखांवर लोकसंख्येच्या काउंट्यांत, म्हणजे मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड त्यात आल्याच, सहा महिन्यांत तीसहून जास्त रात्री नांगरता येत नाही. माझ्यासारख्या शनिवार-रविवारवाल्याला त्याचा त्रास नाही. वाऱ्याची वाट बघणाऱ्याला होईल, आणि बोटीवरच राहणाऱ्या गरिबाला सगळ्यात जास्त.

मुलाला एवढं सांगा: बोट जुनी आहे तर आधी नांगर आणि साखळी नवी घे, शिडं नंतर. रात्री दिवा हवाच. रोज किती वाजता, कुठे नांगरलं हे वहीत लिहून ठेव, पोलिसाने विचारलं तर दिवस मोजायला उपयोगी पडतं. आणि काठावर कुणी दिसलं तर हात कर. त्या झाडूवाल्या काकांना मी दर डिसेंबरात दिवाळीचा उरलेला चिवडा नेऊन देतो. माझ्या बोटीबद्दल ते कधी काही बोलत नाहीत, पण अजून प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच विचारतात: ‘साखळी किती सोडलीयस?’