शहरातून ५० जण रविवारी श्रमदानाला येणार आहेत. माण तालुक्यातल्या आमच्या डोंगरावर त्यांच्याकडून काय काम करून घ्यावं?

सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब चर खणून घ्या. पण तुमच्या प्रश्नात आखणीचा उल्लेखच नाही, आणि सगळं बिघडतं ते तिथंच. आखणी पाहुण्यांच्या हाती अजिबात देऊ नका. चर पातळीत नसला तर पाणी खालच्या टोकाला धावतं, तिथला भराव फोडतं आणि खालचे चर एकामागून एक फुटतात. त्यापेक्षा न खणलेला डोंगर परवडला.

गावातल्याच चार-पाच जणांनी आधी हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीने पातळी बघायचं साधन, शिकावा, त्यात बचत गटातल्या बाया हव्यातच. २०१६च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला नंबर काढला, तेव्हा तिथलेही गावकरी आधी प्रशिक्षण घेऊन आले होते.

आकडे लिहिलेल्या दोन सारख्या काठ्या आणि दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, एवढंच लागतं. नळीचं एकेक टोक एकेका काठीला बांधा आणि नळी बादलीतल्या पाण्याने भरा. आत एकही बुडबुडा नको, बहुतेक चुका त्यानेच होतात. दोन्ही काठ्या एकाच जागी शेजारी उभ्या करून पाणी सारख्या आकड्यावर येतं का बघा. मग एक काठी जागेवर धरून दुसरी उतारावर खाली-वर सरकवा. आकडे जुळले की तिथं फक्कीचा ठिपका. वाचताना नळीची दोन्ही तोंडं उघडी हवीत. एकावर अंगठा राहिला की आकडा खोटाच येणार.

नवख्या माणसाकडून एका सकाळी अर्धा घनमीटर धरा. ५० जणांचे २५ घनमीटर झाले. ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर म्हटला तर साधारण १४० मीटर. तेवढाच आखून ठेवा. तो एकदा भरला की २५ हजार लिटर पाणी अडतं. एक हेक्टरवर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर होतात, म्हणजे एका रविवारी गाव पाणीदार होत नाही, हे पाहुण्यांना स्वच्छ सांगा. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठापासून वीतभर सोडून. काठाशी टाकली तर पहिल्याच पावसात परत आत. काम माथ्याकडून सुरू करा.

जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या. ओघळीत चर नको, तिथं दगडी बांध घाला. फार खड्या उतारावरही चर नको.

राहिले ते ‘आम्हाला डोळ्यांनी पातळी कळते’ म्हणणारे. पाणी कुठून वाहतं हे त्यांना खरंच कळतं, त्यांना विचारून ओघळी नक्की करा. पातळी मात्र डोळ्याला कळत नाही, कारण डोंगरावर नजर समोरच्या उताराशी तुलना करते. वाद घालू नका. त्यांना ३० मीटर रेष अंदाजाने आखू द्या, दर पाच मीटरला खुंटी ठोकायला लावा आणि सगळ्यांसमोर त्याच खुंट्यांवर नळी लावा.