वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : पिकअपची चाके, मापे आणि ऑफसेट

प्रश्न : माझ्याकडे टोयोटा हायलक्स आहे. मूळ टायर 265/65 आर 17 मापाचे (रुंदी 265 मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिमचा व्यास 17 इंच) आहेत. पावसाळ्यात आमचा गट माळशेज आणि लोहगड-विसापूरच्या कच्च्या वाटांवर जातो, एरवी गाडी मुलुंड ते अंधेरी अशी रोज धावते. कुर्ल्यातील एका दुकानात मला 17 इंचांची, 9 जे (म्हणजे 9 इंच) रुंदीची आणि शून्य ऑफसेटची अलॉय व्हील दाखवली. टायर मडगार्डच्या बाहेर येऊन गाडी दणकट दिसेल, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. ही चाके घ्यावीत का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : या मापाची घेऊ नयेत. 17 इंच हा व्यास आपल्या वापरासाठी अगदी योग्य आहे. अडचण आहे ती रुंदीची आणि ऑफसेटची, आणि दुकानात नेमक्या याच दोन आकड्यांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबवर (आसाच्या टोकाचा, चाक ज्यावर बसते तो भाग) जिथे टेकते तो पृष्ठभाग, या दोहोंमधील मिलिमीटरमध्ये मोजलेले अंतर म्हणजे ऑफसेट. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन असतो आणि चाक गाडीच्या आत बसते. आतल्या अंगाला असेल तर तो ऋण असतो आणि चाक बाहेर येते. आपल्या गाडीची मूळ रिम 7.5 जे रुंदीची आणि +30 ऑफसेटची असते. हे आकडे रिमच्या पाठीमागे कोरलेले असतात, ते चाक खोलून स्वतः वाचून घ्यावेत. आता हिशेब करून पाहू. 7.5 इंच म्हणजे 190.5 मिमी, त्याचे निम्मे 95 मिमी. त्यातून 30 वजा केले की हबपासून बाहेरची कड 65 मिमीवर आणि 30 मिळवले की आतली कड 125 मिमीवर येते. 9 जे, शून्य ऑफसेटच्या रिमची रुंदी 228.6 मिमी असल्याने दोन्ही कडा 114 मिमीवर येतात. म्हणजे आतल्या बाजूला 11 मिमी जागा मोकळी होते आणि बाहेरची कड तब्बल 49 मिमी पुढे येते.

एवढा फरक केवळ दिसण्यापुरता राहत नाही. टायरचा जमिनीवर टेकणारा भाग स्टीअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासून 30 मिमी दूर जातो, त्यामुळे पुढचे एक चाक दगडावर आपटले की तो झटका अधिक जोराने हातापर्यंत पोहोचतो. कच्च्या वाटेवर अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नयेत, हा जुन्या चालकांचा सल्ला अशा गाडीत तर काटेकोरपणे पाळावा लागतो. गाडीचा भार हबपासून दूर पडल्यामुळे व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात. शिवाय बाहेर आलेले पुढचे चाक वळताना मोठा कंस घेते आणि मडगार्डच्या मागच्या कडेला, मडफ्लॅपला किंवा बंपरच्या खालच्या टोकाला घासते. पावसाळ्यात मडगार्डबाहेर आलेला टायर चिखल आणि बारीक खडी थेट दारांवर आणि काचांवर उडवतो. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचा होणारा त्रास मला आपल्या रंगाच्या नुकसानीपेक्षाही गंभीर वाटतो.

बदल करायचाच असेल तर 8 जे रुंदी आणि +20 ऑफसेट ही मर्यादा मानावी. त्यात बाहेरची कड 16 मिमी पुढे येते, आतली 4 मिमी कमी होते, गाडीचा पवित्रा किंचित रुंद दिसतो आणि स्टीअरिंगचा स्वभाव फारसा बिघडत नाही. 265/65 आर 17 टायरला साधारण 7.5 ते 9.5 इंचांपर्यंतची रिम चालते, परंतु कच्च्या वाटेसाठी त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ राहणे शहाणपणाचे आहे. चिखलात किंवा वाळूत आपण हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवतो. अशा वेळी अरुंद रिमवर टायरची फुगीर भिंत रिमच्या कडेला दगडांपासून जपते. रुंद रिमवर तीच भिंत ताणली जाऊन कड उघडी पडते आणि तिरक्या उतारावर बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) सुटण्याचा धोकाही वाढतो.

पैसे देण्यापूर्वी मोजमाप गाडीवरच करावे. गाडी सपाट जागी उभी करून मडगार्डच्या वरच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडावा आणि टायरची बाहेरची बाजू त्या दोरीच्या किती आत आहे ते पट्टीने मोजावे. तो आकडा नव्या रिममुळे पुढे येणाऱ्या मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर टायर बाहेर दिसणारच. त्यानंतर एकच नवे चाक पुढे बसवून घ्यावे, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, आणि ते चाक उंच दगडावर किंवा रॅम्पवर चढवून सस्पेन्शन दबलेल्या अवस्थेत हीच तपासणी पुन्हा करावी. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर कुठेही न घासणारे चाक पहिल्याच घळीत मडगार्डचे अस्तर फाडते, ते ही दुसरी तपासणी राहून गेल्यामुळे.

प्रश्न : इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसला मूळ 255/60 आर 18 टायर आहेत. मुलांचा आग्रह 20 इंची चाकांचा आहे. एका परिचितांकडे हायलक्सची 17 इंची मूळ अलॉय चाके पडून आहेत, तीही मिळू शकतात. काय निवडावे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : 255/60 आर 18, 255/65 आर 17 आणि 255/50 आर 20 या तिन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे 763 मिमी आहे. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. 17 इंचांवर ती 166 मिमी उंच असते, 18 वर 153 आणि 20 वर अवघी 128. पावसाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावरचे खड्डे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या 38 मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको. खड्ड्याची धारदार कड टायरने झेलायची की धातूने, हे ही भिंतच ठरवते. गाडी कच्च्या वाटेवर न्यायची असेल तर 20 इंचांचा विचार सोडून द्यावा. मुलांना 17 आणि 20 इंचांचे टायर शेजारी ठेवून दाखवावेत.

आपल्याच गाडीच्या आधीच्या आवृत्त्या 17 इंची चाकांवर येत असत, त्यामुळे 17 वर उतरणे हा उत्तम पर्याय आहे. ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यात मोकळी जागा राहते ना, एवढे चाक हाताने फिरवून पाहावे. हायलक्सची चाके मात्र विचार करून घ्यावीत. दोन्ही गाड्यांना सहा नट आणि 139.7 मिमी पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) असल्याने ती बसतात खरी, परंतु हायलक्सच्या रिमचे मधले भोक 106 मिमीचे आणि आपला हब सुमारे 100 मिमीचा आहे. मध्ये नेमक्या मापाची रिंग घातल्याशिवाय चाक केंद्रात राहत नाही आणि महामार्गाच्या वेगाला स्टीअरिंग थरथरते. याहून महत्त्वाचे आहेत नट. टोयोटाच्या मूळ अलॉय चाकांचे नट सपाट वॉशरचे असतात, बाजारातील बहुतेक चाकांना मात्र 60 अंशांच्या शंकूचे नट लागतात. एका प्रकारच्या बैठकीत दुसऱ्या प्रकारचा नट कितीही आवळला तरी तो नीट टेकत नाही आणि धावताना सैल होतो. त्या चाकांसोबत त्यांचेच नट मागून घ्यावेत आणि त्यांचे आटे आपल्या स्टडशी (हबवरच्या आटेदार खुंट्यांशी) जुळतात का, हे हाताने फिरवून पाहावे.

प्रश्न : हब आणि चाक यांच्यामध्ये स्पेसर (जाड चकती) लावून चाके बाहेर आणण्याचा परिणाम स्वस्तात मिळतो, असे ऐकले. खरे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दिसण्यापुरता मिळतो. हबवर पडणारा भार तसाच वाढतो, आणि शिवाय आणखी एक जोड तयार होतो, जो दर वेळी चाक खोलून तपासावा लागतो. नुसत्या चकतीसारखे स्पेसर नटांना स्टडवर मिळणारी पकड कमी करतात. कच्च्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला ते लावू नयेत.

प्रश्न : मोठे टायर आणि वेगळी चाके लावल्यास कायद्याची किंवा विम्याची अडचण येते का? तसेच स्वस्त अलॉय चाके ओळखावीत कशी?
— एक वाचक, दादर

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही तरतूद कठोरपणे लागू केली आहे. म्हणून सर्वांत सुरक्षित वाट अशी, की उत्पादकाने त्याच मॉडेलच्या कोणत्या ना कोणत्या आवृत्तीला दिलेल्या मापांत राहावे, टायर मडगार्डच्या आत ठेवावा आणि चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. मोठ्या टायरचा लाभही वाटतो तितका नसतो. 265/65 आर 17 ऐवजी 265/70 आर 17 घेतल्यास व्यास 776 वरून 803 मिमी होतो, पण गाडी उचलली जाते फक्त 13 मिमी. दुसरीकडे वेगमापक 100 दाखवत असताना खरा वेग तुलनेने 3.4 टक्क्यांनी वाढलेला असतो.

चाकाच्या दर्जाबाबत पहिला प्रश्न भाराचा विचारावा. रिमवर कोरलेली किलोग्रॅममधील भारक्षमता आपल्या अधिक भार असलेल्या आसावरील कमाल वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी. पिकअपच्या मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) मालाचा भार येतो, म्हणून मोटारगाडीसाठी ओतलेली रिम तिला चालत नाही. आयएसआय खूण पाहावी. जपानी प्रमाणाची चाके असतील तर हलक्या ट्रकसाठीची जेडब्ल्यूएल-टी ही खूण शोधावी, नुसती जेडब्ल्यूएल मोटारगाडीसाठी असते. भारक्षमताच कोरलेली नसेल तर किंमत कितीही कमी असो, ते चाक परत करावे. जुनी चाके घेताना आरे जिथे कडेला मिळतात तो भाग पाठीमागून रॉकेलने पुसून बारीक तडा शोधावा. तडा वेल्डिंगने बुजवलेले अलॉय चाक कधीही घेऊ नये, कारण त्या उष्णतेने भोवतालच्या धातूचे बळ जाते आणि ते बाहेरून दिसत नाही.

पाच चाके घ्यावीत, चार नव्हेत. फोर-व्हील ड्राइव्ह गुंतलेला असताना वेगळ्या व्यासाची स्टेपनी चालवल्यास ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो, आणि मोठे चाक पिकअपच्या पोटाखालच्या मूळ जागेत बसते की नाही, हेही बिल करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. नवी चाके बसवल्यावर साधारण 50 ते 100 किमी गाडी चालवून सर्व नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, पुन्हा आवळावेत.