कानउघाडणी : गीतरामायण मागच्या स्पीकरांतून ऐकू येईल का?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

प्रश्न : पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'ला चार चॅनेल, ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक), अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज सोडणारी डॉल्बीची पद्धत) असं सगळं मिळालं. मग 'गीतरामायण' आणि 'कॉल ऑफ द व्हॅली'वरच अन्याय का? – एक श्रोता, कोथरूड

उत्तर : अल्बम किती गाजला यापेक्षा त्याच्या टेपवर काय शिल्लक आहे, यावर हे ठरतं. सराउंड मिक्स (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटून देणारं) करणाऱ्याला गळा, तबला, बासरी वेगवेगळ्या ट्रॅकवर सुटे मिळावे लागतात. एकदा ते एका ट्रॅकवर कालवले गेले की फोडणी घातलेल्या वरणातून हिंग परत काढायचा.

'डार्क साइड' (१९७३) सोळा ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाला होता. म्हणून आधी ध्वनिअभियंता अ‍ॅलन पार्सन्स यांना चार चॅनेलचं, २००३ साली जेम्स गथ्री यांना ५.१चं आणि २०२३ मध्ये अ‍ॅटमॉसचं मिक्स करता आलं. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (१९६६) त्याहून बोलका दाखला आहे. तो मोनोत निघाला. वादकांचा संच तीन किंवा चार ट्रॅकवर घेतला, तो मिसळून दुसऱ्या रिळावर एका ट्रॅकवर उतरवला आणि उरलेल्या ट्रॅकवर गळे घेतले. दुसरं रीळ एकटं उरलं असतं तर विषय संपला असता. पण वादकांची पहिली रिळंही जपलेली होती. ध्वनिअभियंता मार्क लिनेट यांनी नव्वदच्या दशकात ती गळ्यांच्या रिळाशी संगणकावर जुळवली. त्यातून १९९७ साली स्टिरिओ निघाला, पुढे सराउंडही. तेव्हा सराउंडमध्ये आणण्याजोग्या अल्बमची यादी करताना पहिला प्रश्न हाच विचारा : मिसळण्यापूर्वीचं रीळ आहे का?

'गीतरामायण' १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशा चालीने प्रसारित झालं. गीतं छप्पन्न. गायक आणि वादक एका वेळी, एका खोलीत, मोनो. वेगळं काढण्याजोगं त्यात पहिल्यापासूनच काही नाही. मग दोन वाटा उरतात. एक म्हणजे गळा मूळचा ठेवून वाद्यवृंद नव्याने वाजवून घेणं. 'मुगल-ए-आझम' २००४ साली रंगीत होऊन आला तेव्हा हेच केलं. गायकांचे आवाज जुनेच ठेवले आणि वाद्यं सहा ट्रॅकवर नव्याने घेतली. तिथे ते शोभलं, कारण मुळात भव्य दरबारी वाद्यवृंदच हवा होता. गीतरामायणात मात्र शब्दाच्या श्वासाबरोबर वाद्यं थांबतात. नवा वादक त्या थांब्यांचा पाठलाग करत राहील आणि तो पाठलाग ऐकू येईल. आमचं मत स्पष्ट आहे : त्याला हात लावू नये.

दुसरी वाट यंत्राने आवाज सोडवण्याची. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये ड्रम, बेस आणि गिटार काही ठिकाणी एकाच ट्रॅकवर होते. पीटर जॅक्सन यांच्या कंपनीच्या प्रणालीने ते सोडवले आणि २०२२ साली जाइल्स मार्टिन यांनी नवं मिक्स केलं. 'कॉल ऑफ द व्हॅली'ला (१९६७) हीच युक्ती लावणं फार अवघड आहे. चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार दोन्ही मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) घेतात, स्वरही एकाच पट्टीतले. वर शिवकुमारांच्या संतूरची आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) सगळ्यावर पसरलेली. यंत्राने ती आस कुणाच्या नावावर लावायची? तिथे पुढचा स्टिरिओ जसाच्या तसा ठेवून मागे फक्त खोलीची गुंज सोडणं एवढंच शहाणपणाचं.

जाता जाता : मोनो ध्वनिमुद्रण दोन स्पीकरवर लावलंत तर प्रत्येक कानाला तोच आवाज दोनदा, किंचित अंतराने पोचतो आणि साधारण दोन किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. नेमके व्यंजनांचे कंगोरे तिथेच असतात. रिसीव्हरवर मोनो निवडून फक्त मधला स्पीकर चालू ठेवा. बाबूजींचा (सुधीर फडके) 'श' आणि 'ष' वेगळा ऐकू येईल.

प्रश्न : संगणकावर गाणं चार भागांत फोडणारी मोफत प्रणाली वापरली. एक भावगीत फोडून गळा पुढे, वाद्यं मागे टाकली. सगळं पाण्याखालून वाजल्यासारखं येतं. काय चुकलं? – सदाशिव पेठ

उत्तर : तीन चुका एकत्र दिसतात. पहिली : डीमक्ससारख्या प्रणाली गळा, ड्रम, बेस आणि 'इतर' असे चार कप्पे करतात आणि त्यांना प्रामुख्याने पाश्चात्त्य पॉप-रॉकवर शिकवलेलं असतं. त्यांना तबला माहीत नाही. चाटीवरचा आघात ड्रमच्या कप्प्यात जातो, डग्ग्याचा घुमारा बेसमध्ये, आणि एकाच 'धा'चे दोन तुकडे होतात. सारंगीची किंवा व्हायोलिनची मींड कधी गळ्यात सापडते. म्हणून ड्रम आणि बेस हे दोन कप्पे पुन्हा एकत्र करा आणि त्यांना एकाच जागी ठेवा. किंवा सरळ चारऐवजी गळा आणि बाकी असे दोनच भाग करा, निकाल लगेच सुधारतो.

दुसरी : मूळ फाइल. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक आधीच कापलेलं असतं, खालीही खरवडलेलं असतं. प्रणाली त्या खरवडीलाच आवाज समजते. सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅक काढून घ्या. फोडलेले सगळे भाग बेरीज करून मूळ गाण्याच्या उलट फेजशी (उलटवलेल्या लहरीशी) मिळवून पाहा; जवळजवळ शांतता उरली तर भाग निदान हरवलेले नाहीत. (ते नीट सुटे झालेत असा याचा अर्थ नव्हे.)

तिसरी आणि सगळ्यात मोठी : सुटे भाग उघडे वाजवले. पाण्याखालचा जो आवाज येतो तो मूळ मिश्रणात झाकला जातो, सुटा झाला की उघडा पडतो. तेव्हा पूर्ण मूळ गाणं पुढच्या दोन स्पीकरांत पूर्ण पातळीवर राहू द्या. मागे वाद्यांचा भाग ८ ते १० डेसिबल खाली, ७ किलोहर्ट्झच्या वर कापून आणि १५ ते २० मिलिसेकंद उशिरा सोडा. कान आधी पोचलेल्या आवाजालाच जागा मानतो, त्यामुळे गाणं पुढेच राहतं आणि खोली मोठी वाटते. उशीर ३०च्या पुढे नेलात तर तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येईल.

प्रश्न : दहा बाय बाराचा हॉल, सोफा भिंतीला चिकटून, एका बाजूला स्वयंपाकघराचा पॅसेज. ५.१ कसं बसवावं? – औंध

उत्तर : सोफा दोन फूट पुढे ओढा. निम्मं काम त्यातच होतं, कारण भिंतीला टेकलेल्या डोक्याला खर्ज फुगलेला ऐकू येतो आणि मागच्या स्पीकरना मागे जागाच राहत नाही. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून जितके लांब तितकंच तुमचं अंतर, म्हणजे प्रत्येकी ३० अंशांवर. मागचे कानांच्या किंचित मागे, सुमारे ११० अंशांवर, कानाच्या उंचीला. पॅसेजच्या बाजूला भिंत नाही म्हणून स्पीकर दूरच्या कोपऱ्यात टांगू नका, स्टँड घ्या. सोफा हलणारच नसेल (घरोघरी हा राजकीय प्रश्न असतो) तर मागचे थेट दोन्ही बाजूंना, कानांपेक्षा दोन फूट वर.

संगीतात मागचे स्पीकर चित्रपटापेक्षा जास्त राबतात. तीन इंची छोटे स्पीकर असतील तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८०ऐवजी १२० हर्ट्झला ठेवा, नाहीतर मागे ठेवलेली गिटार पत्र्याची वाटेल. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. एका फुटाची चूक म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. वायर तापकीर गल्लीत मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरे. दहा मीटरच्या जोडीला पाव ओहमच्या आत रोध पडतो, आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवत नाही. लाल-काळी टोकं मात्र दोनदा तपासा; एक जरी उलटं लागलं तर मधला आवाज डोक्यात भिरभिरतो आणि खर्ज गायब होतो.

प्रश्न : अ‍ॅपवर अ‍ॅटमॉस लिहिलेलं असतं, रिसीव्हरवर स्टिरिओच दिसतं. – हडपसर

उत्तर : टीव्हीपासून ऑप्टिकल केबल असेल तर तीच काढा, तिच्यातून हा सिग्नल जात नाही. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी जोडणी) वापरा आणि टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवरून पास-थ्रूवर न्या. ब्लू-रेवरचं ट्रूएचडी (डॉल्बीचं काहीही न गमावणारं ध्वनिरूप) हवं असेल तर ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) लागतं, किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि त्यातलं 'सेकंडरी ऑडिओ' बंद करा.

प्रश्न : जुन्या बाजारात एक एलपी मिळाली, कव्हरवर 'एसक्यू' आणि 'क्वाड्राफोनिक'. आपल्या टर्नटेबलवर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बिनधास्त लावा. एसक्यूमध्ये चार चॅनेल फेज फिरवून दोनांत बसवलेले असतात, त्यामुळे साध्या सुईवर स्टिरिओ वाजतो. चारही हवेत तर एसक्यूचाच डिकोडर लागेल. रिसीव्हरमधलं प्रो लॉजिक (दोन चॅनेलमधून सराउंड काढणारी डॉल्बीची पद्धत) मागून काहीतरी काढून दाखवेल, पण वाद्यं मूळ जागी बसणार नाहीत. जुन्या साध्या डिकोडरवरही पुढच्या-मागच्या स्पीकरात जेमतेम ३ डेसिबलचा फरक पडतो. चांगला मार्ग असा : २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला ध्वनिमुद्रण करून संगणकावर डिकोड करायचं. त्याआधी कार्ट्रिज समोरून सरळ उभी आहे ना ते पाहा. ती तिरकी असेल तर डाव्या-उजव्यातला फेज बिघडतो, आणि सगळं डिकोडिंग फेजवरच चालतं.

कव्हरवर 'सीडी-४' असतं तर गोष्ट वेगळी. त्यात पुढच्या आणि मागच्या चॅनेलमधल्या फरकाची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर असते. तिला शिबाता घाटाची (खाचेत बारीक टेकणारी) सुई आणि ती माहिती सोडवणारा वेगळा डीमॉड्युलेटर लागतो. झिजलेली गोल सुई चार-पाच वेळा फिरली तरी खाचेतली ती लहर घासली जाऊ लागते. अशी एलपी हाती आली तर सुई मिळेपर्यंत लावूच नका.