व्याजदर वाढवून पाऊस थोडाच पडतो? मग मध्यवर्ती बँका हवामान बदलाचा अभ्यास कशाला करतात?

पाऊस पडत नाही, हे खरंच. पण दुष्काळात धान्य महागतं आणि उत्पादनही घटतं. दर वाढवावा तर मंदावलेली अर्थव्यवस्था आणखी खाली, न वाढवावा तर महागाई. पुस्तकी सल्ला असा की पुरवठ्याचा धक्का (म्हणजे माल कमी पडल्याने आलेली महागाई) तात्पुरता असेल तर काणाडोळा करा. गोम इथेच आहे. हवामान बदलामुळे असे धक्के वरचेवर यायला लागले तर तात्पुरतं कशाला म्हणायचं? लोक महागाई गृहीत धरूनच पगार मागतात, भाव ठरवतात, आणि काणाडोळा अंगाशी येतो.

अनिश्चिततेबद्दल अर्थतज्ज्ञ विल्यम ब्रेनार्ड यांचा १९६७ मधला मुद्दा अजूनही वापरतात: औषध (इथे व्याजदरातला बदल) किती लागू पडेल याची खात्री नसेल तर डोस जरा कमीच ठेवा. महागाई किती चिवट आहे हेच ठाऊक नसेल तर मात्र उलट, पाऊल जोरात टाकलेलं बरं, असंही नंतरच्या संशोधनातून निघालं. म्हणजे सरसकट 'सावध राहा' म्हणून भागत नाही.

बँकांच्या कर्जांचा धोका वेगळाच. पुरात तारण बुडतं, कार्बन कर (कार्बन उत्सर्जनावरचा कर) लागला की कोळसा प्रकल्पाचं कर्ज थकू शकतं. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी २०१५ मध्ये लंडनच्या भाषणात हे ठळकपणे मांडलं, तेव्हापासून हा विषय मध्यवर्ती बँकांच्या टेबलावर आला.