मालिकेतलं सगळं त्यांना आधी ठाऊक असतं

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. वाचन दांडगं, हिशोब चोख. पण संध्याकाळी सात वाजता टीव्हीसमोर बसल्या की दहापर्यंत उठत नाहीत. तीच कारस्थानं, तीच रडारड. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात मुलाची यंदा दहावी. आवाजाचा त्रास तर आहेच, पण एवढ्या शहाण्या बाईला हे रोज बघावंसं तरी का वाटतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मी बरीच वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. तिथे अगदी सुरुवातीला सांगितलं जातं, की समोरची बाई पोळ्या लाटते आहे असं धरून लिही. ती बघत कमी असते, ऐकत जास्त असते. म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावानं हाक मारतात. कालची बातमी आज तिघांच्या तोंडून येते. धक्का बसला की कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर फिरत राहतो, तेवढ्यात ओट्यावरून येऊन डोकावता यावं म्हणून. हा प्रकार मुळात रेडिओवरचाच. १९३०च्या दशकात अमेरिकेत घरकाम करणाऱ्या बायकांसाठी दुपारच्या श्रुतिका साबणाच्या कंपन्या पुरस्कृत करायच्या, त्यावरून ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं. तुम्हाला जे ‘तेच तेच’ वाटतं, त्याच्यामुळेच हातातलं काम न सोडता गोष्ट हाताशी राहते.

पण तुमच्या सासूबाई तर निवांत बसून बघतात. त्यांच्या बाबतीत मला वेगळं दिसतं. आयुष्यभर काउंटरपलीकडे माणसांची ये-जा होती, ती निवृत्तीच्या दिवशी एकदम थांबली. मालिकेतली माणसं मात्र रोज ठरल्या वेळी येतात. आणि मुख्य म्हणजे, त्यांच्या घरातलं सगळं प्रेक्षकाला आधी कळतं. कपाटातलं पत्र कुणी लपवलं, दुधात काय मिसळलं, हे सासऱ्याला ठाऊक नसतं, सुनेला ठाऊक नसतं, सोफ्यावर बसलेल्या आजींना असतं. आपल्या घरांत वयस्कर बाईला बातमी सगळ्यांत शेवटी पोचते. मुलाची नोकरी बदलली, फ्लॅटचं बोलणं सुरू झालं, सगळं ठरल्यावर तिला सांगतात. तिथे मात्र तीच सगळ्यांच्या आधी जाणती असते. हे सुख फार मोठं आहे, त्याला कुणी हसू नये.

‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. अरुंधतीला नवऱ्याच्या प्रकरणाचा पत्ता नव्हता तेव्हाही प्रेक्षकांना होता, आणि ती न कळण्याची तडफड लोक रोज सोसत होते. त्या काळात लोकलच्या लेडीज डब्यात एक बाई पिशवीतल्या शेंगा सोलत मांडीवरच्या मोबाइलवर चुकलेला भाग बघत होत्या. मध्येच मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘उठ ना बाई तिथून आता!’’ शेजारणींना स्क्रीन दिसत नव्हता, तरी दोघी-तिघींनी मान हलवली. कुणाला उठायला सांगितलं, हे न विचारता कळलं होतं.

या मोठ्यानं बोलण्याकडे तुम्ही लक्ष द्या, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. लेकी बोले सुने लागे, हे आपल्याकडे फार जुनं आहे, आणि टीव्हीमुळे त्याला हक्काची जागा मिळाली. १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. एका संध्याकाळी शेजारच्या आजी मालिका बघता बघता पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘हिला दिवसभरात कुणी विचारलं तरी का, जेवलीस का म्हणून?’’ त्यांचा मुलगा पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली ठेवला. एकदा आईकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघरातल्या बायकोकडे, आणि उठून आत गेला. आजींनी सरळ सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. तुमच्या सासूबाई पडद्यावरच्या सुनेला काय बोलतात, कुणाची बाजू घेतात, ते आठवडाभर ऐका. तुम्हाला त्यांच्याबद्दल नवं काही कळेल.

सगळ्याच मालिकांची मी तरफदारी करणार नाही. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की चांगला चाललेला ट्रॅक मोडतो आणि मेलेलं कारस्थान जिवंत होतं, हे मी जवळून पाहिलंय. गप्प सोसणारी बाई म्हणजे चांगली बाई, हे रोज दाखवणं मला घातक वाटतं. पण टीव्हीचा परिणाम एकाच दिशेनं होत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या खेड्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. केबल आल्यावर ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या आणि मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला, असं त्यांना आढळलं. केबलवर बायका काय बघत होत्या? मुख्यतः मालिकाच.

आता आवाजाचं. सासूबाईंना त्यांची सगळ्यांत आवडती मालिका विचारा. ती मोकळ्या आवाजात लागू दे आणि मुलाचं जेवण त्याच अर्ध्या तासात उरका. बाकीच्या हेडफोन लावून बघता येतील, किंवा दुसऱ्या दिवशी तो शाळेत असताना पुनःप्रसारणात. त्या अर्ध्या तासात तुम्हीही भाजी निवडत शेजारी बसा. कोण कुणाचं कोण, कुणी काय लपवलंय, ते त्यांनाच विचारा. त्या पहिल्या भागापासून सांगतील.