नाहुआत्ल आणि खासी: उपसर्ग दोन्हीकडे, काम वेगळं

दोन्ही भाषांत शब्दाच्या पुढे उपसर्ग लागतात, म्हणून त्यांची घडण सारखी का, असा प्रश्न आहे. नाही. मेक्सिकोतली नाहुआत्ल युटो-ॲझ्टेकन कुळातली, मेघालयातली खासी ऑस्ट्रो-आशियाई. शब्दसूच्या शेजारी ठेवून साम्य शोधत बसू नका. एकच वाक्य घ्या आणि त्याचे तुकडे पाडा.

'मी मांस खातो.' खासीत: ङा बाम दोह. तीन सुटे शब्द. अभिजात नाहुआत्लमध्ये: निनाकाक्वा. नि (मी), नाका (मांस), क्वा (खा). तुकडे इथेही तीनच, पण शब्द एक. कर्म क्रियापदाच्या पोटात शिरलं आणि 'नाकात्ल' (मांस) या सुट्या नामाच्या शेवटचा 'त्ल' बाहेरच राहिला. (टोमॅटोचं मूळ 'तोमात्ल'; तोच हा 'त्ल'.) मांस वेगळं ठेवायचं तर क्रियापदात 'त्याला' अशा अर्थाचा 'क' हवाच: निक्क्वा इन नाकात्ल. नवशिके हा 'क' हमखास विसरतात. काय खातो ते सांगायचं नसलं, तरी जागा रिकामी सोडता येत नाही. 'काहीतरी' या अर्थाचा 'त्ला' येतो: नित्लाक्वा.

खासीचे उपसर्ग कर्ता-कर्म सांगत नाहीत, नवा शब्द घडवतात. त्रेइ म्हणजे काम करणे, नोंगत्रेइ कामगार, जिंगत्रेइ काम. याप म्हणजे मरणे, पिन्याप मारणे. त्यामुळे खासीला सरसकट 'एकाक्षरी' (प्रत्येक शब्द एकाच अक्षराचा) म्हणणं ढिसाळपणाचं आहे.

कर्त्याची खूण खासीत सुटी येते, आणि तीही लिंगानुसार: उ ख्यन्नाह उ बाम जा (मुलगा भात खातो). मुलगी असेल तर दोन्ही जागी 'का'. मराठी माणसाला लिंग नवं नाही, पण अंदाज चुकतो: सूर्य स्त्रीलिंगी (का स्ङी), चंद्र पुल्लिंगी (उ ब्नाइ). नाहुआत्लमध्ये व्याकरणिक लिंगच नाही.

मोजणीत खासी दहाची, नाहुआत्ल विसाची: २०, ४००, ८००० यांना स्वतंत्र शब्द. खासीत मात्र संख्येनंतर माणसांसाठी 'ङुत', वस्तूंसाठी 'तिल्ली' लागतं.

खरं साम्य उच्चारात सापडतं: कंठात श्वास क्षणभर अडवून होणारा ध्वनी. थॉमस जोन्स यांनी १८४१नंतर रुजवलेल्या खासीच्या रोमन लिपीत शब्दाच्या शेवटचा 'एच' बहुधा तोच दाखवतो. 'दोह'मध्ये 'ह' म्हणू नका. नाहुआत्लमध्ये त्यावर वचन ठरतं: तित्लाक्वा म्हणजे 'तू (काहीतरी) खातोस', पण शेवटी श्वास अडवला की 'आम्ही खातो'. वसाहतकालीन कागदांत हा ध्वनी बहुतेकदा लिहिलेलाच नसतो, त्यामुळे तिथे 'तू' की 'आम्ही' हे पुढच्या-मागच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागतं.